बिल, पोर्टल आणि मधली क्यू

मेसेज ब्रोकर हे दोन प्रोग्रॅमच्या मध्ये चालणारे स्वतंत्र सॉफ्टवेअर असते. एका प्रोग्रॅमने दिलेला निरोप ते घेते, सांभाळते आणि दुसरा प्रोग्रॅम मोकळा झाला की त्याच्या हवाली करते. निरोप पाठवतो तो प्रोड्यूसर, घेतो तो कन्झ्युमर आणि निरोप जिथे थांबतो ती क्यू. पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचा पत्ता ठाऊक असावा लागत नाही, दोघे एकाच वेळी चालू असावे लागत नाहीत, दोघांचा वेगही सारखा असावा लागत नाही. ब्रोकर घ्यायचा तो या तीन सवलतींसाठी. चौथे कारण सांगितले गेले तर ते नीट तपासून घ्यावे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांत मागाच्या बाजूला अशी सवलत पूर्वीपासून आहे. वार्पिंगवर भरलेला बीम लगेच मागावर चढत नाही, तो मध्ये उभा राहतो. टेरीच्या मागाला ग्राउंडचा आणि पाईलचा असे दोन बीम लागतात आणि पाईलचे सूत ग्राउंडच्या कित्येक पट खपते. तरी वार्पिंग मागासाठी अडत नाही आणि शिलकीतले बीम असेपर्यंत माग वार्पिंगसाठी अडत नाही. त्याच कारखान्याच्या ऑफिसात चित्र वेगळे असू शकते. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींवर उलाढाल असलेल्या उद्योगांना दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे फाडलेले प्रत्येक बिल ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवावे लागते. पोर्टल त्या बिलाला ६४ अक्षरांचा आयआरएन आणि क्यूआर कोड देते. बिलाचा प्रोग्रॅम पोर्टलशी थेट बोलत असेल, तर उत्तर येईपर्यंत पडदा गोठतो. बिल करणारा कारकून बसून राहतो आणि त्याच्यामागे पुढची बिले साचतात.

यावर दोन मते आहेत. पुढच्या संवादात एक मत अण्णांचे आहे, कारखान्याचे बिलिंग सॉफ्टवेअर पुष्कळ वर्षे सांभाळणाऱ्याचे. दुसरे ताईचे, तेच सॉफ्टवेअर नव्याने लिहायला घेणारीचे. दोघेही नमुन्यादाखल आहेत.

अण्णा : ताई, आपल्याकडे पोस्टग्रेस आहे. त्यात एक टेबल करायचं, पाठवायच्या बिलांचं. दर मिनिटाला स्क्रिप्ट उठते, राहिलेली बिलं उचलते, पोर्टलला पाठवते, पुढे टिक करते. ब्रोकर कशाला पाहिजे?

ताई : काम वाढलं म्हणून दोन स्क्रिप्ट लावल्या आणि दोघींनी एकच ओळ उचलली तर?

अण्णा : त्याची सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे, म्हणजे २०१६ पासून. ‘स्किप लॉक्ड’ लिहिलं की एकीनं धरलेली ओळ दुसरी सोडून पुढची घेते. आणि बॅकअप एकाच ठिकाणचा घ्यायचा. ब्रोकर आला की सांभाळायला अजून एक यंत्र आलं.

ताई : हे खरं आहे. घेणारा एकच असेल आणि दिवसाची बिलं शेकड्यांत असतील, तर मीसुद्धा टेबलच करीन. पण अण्णा, बिल झाल्यावर पुढे काय काय होतं ते बघा. आयआरएन आणायचा, ई-वे बिल काढायचं, गोदामाचा साठा कमी करायचा, टॅलीत नोंद करायची, गिऱ्हाइकाला कळवायचं. तुमच्या टेबलात प्रत्येकाचा वेगळा रकाना आणि वेगळी टिक येणार. उद्या निर्यात बघणाऱ्यांना न्हावा शेवा बंदराच्या कागदांसाठी त्याच बिलाची खबर हवी असेल, तर बिलाच्या प्रोग्रॅमला पुन्हा हात लावावा लागेल.

अण्णा : आणि एक विसरताय. ट्रकला आयआरएन आणि ई-वे बिल लागतंच. क्यू लावली म्हणून पोर्टल लवकर उत्तर देणार नाही. गाडी गेटवर उभी राहायची ती राहणारच.

ताई : त्या एका गाडीसाठी तुमचं बरोबर आहे. बाकीच्यांसाठी नाही. आज एका बिलाचं उत्तर अडलं की मागची सगळी बिलं अडतात. क्यू असली की कारकून पुढचं बिल करतो, साठ्याची नोंद होऊन जाते आणि पोर्टल जागं झालं की राहिलेली बिलं कुणी बटण न दाबता जातात.

ताईने सांगितलेली ‘एक खबर, अनेक घेणारे’ ही मांडणीच ब्रोकरच्या इतिहासाचे मूळ आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढून ‘द इन्फर्मेशन बस’ हे उत्पादन तयार केले. वॉल स्ट्रीटवरच्या व्यवहारकक्षांत भावाची प्रत्येक खबर एकदाच सोडायची आणि ज्याला ती हवी त्याने उचलायची, अशी ती रचना होती. पुढे १९९७ मध्ये तिच्यातूनच टिबको उभी राहिली. आयबीएमचे एमक्यूसीरिज १९९३ चे. ही सर्व विकत घेण्याची उत्पादने होती आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. या बांधिलकीला कंटाळून जेपी मॉर्गन चेस बँकेत जॉन ओ’हारा यांनी २००३ मध्ये एएमक्यूपी या खुल्या प्रोटोकॉलचे काम सुरू केले. रॅबिटएमक्यू हा त्या प्रोटोकॉलवर चालणारा खुला ब्रोकर २००७ मध्ये लंडनमध्ये आला. तो अर्लांग भाषेत लिहिला आहे. ही भाषा एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली होती, म्हणून हजारो जोडण्या एकाच वेळी सांभाळणे हा तिचा स्वभावच आहे. सध्या रॅबिटएमक्यू ब्रॉडकॉमच्या छत्राखाली आहे, पण त्याचा कोड मोझिला पब्लिक लायसन्सखाली खुला आहे आणि लहान कारखाना तो फुकट वापरू शकतो.

अण्णा : घ्यायचाच तर काफ्का का नको? नाव तर सगळीकडे त्याचंच ऐकू येतं.

ताई : आणि ते आपल्या मुलखाचंही आहे. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्याबरोबर काफ्का उभा करणाऱ्या नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या, पुणे विद्यापीठातून शिकून पुढे जॉर्जिया टेकला गेल्या. २०११ मध्ये काफ्का खुला झाला, २०१४ मध्ये तिघांनी कॉन्फ्लुएंट काढली. मला त्याचा अभिमान आहे. पण आपलं काम त्या जातीचं नाही. काफ्का ही एक लांबलचक नोंदवही आहे. वाचलं म्हणून पान फाटत नाही. घेणारा आपण कुठवर वाचलं ती खूण तेवढी ठेवतो, आणि काही बदललं नाही तर नोंदी सात दिवस राहतात. लाखो घटना साठवायच्या, मागे जाऊन पुन्हा वाचायच्या, हे त्याचं बळ. आपल्याला हवंय ते असं : हे एक काम घे, झालं की सांग, नाही झालं तर दुसऱ्याला दे. त्याला रॅबिट बरा.

अण्णा : मागांवरचे सेन्सर? मालकांना प्रत्येक मागाचे पिक, म्हणजे आडव्या धाग्याचे फेरे, मोबाइलवर बघायचे आहेत.

ताई : ते वेगळं प्रकरण आहे. त्याला एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल लागतो. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठी तो बनवला. तार बारीक, यंत्र लहान, तरी चालावं म्हणून. त्यासाठी मॉस्किटो नावाचा छोटा खुला ब्रोकर पुरतो. पण दोन्ही कामं एकदम काढली तर एकही तडीला जाणार नाही. आधी बिल.

सुरुवात डॉकरने, म्हणजे प्रोग्रॅम बंद ‘कंटेनर’मध्ये चालवणाऱ्या साधनाने, करणे सगळ्यात सोपे. रॅबिटएमक्यूची व्यवस्थापन पडद्यासह येणारी अधिकृत प्रतिमा उतरवली की अर्लांग वेगळे बसवावे लागत नाही. प्रोग्रॅमसाठी ५६७२ आणि ब्राउझरमधल्या पडद्यासाठी १५६७२ असे दोन पोर्ट उघडावे लागतात. इथे एक खाचखळगा आहे आणि तो आवृत्ती बदलताना कळतो. रॅबिटएमक्यू आपला डेटा नोडच्या नावाने ठेवतो आणि ते नाव यंत्राच्या होस्टनेमवरून घेतो. डॉकर प्रत्येक नव्या कंटेनरला वेगळेच होस्टनेम देतो. त्यामुळे डेटासाठी बाहेरचा व्हॉल्यूम जोडला असला, तरी नव्याने उभा केलेला ब्रोकर रिकामा दिसतो. जुने निरोप डिस्कवर असतात, पण दुसऱ्या नावाखाली. होस्टनेम पहिल्याच दिवशी ठरवून लिहिले की हा घोळ होत नाही.

दुसरी गोष्ट खात्यांची. रॅबिटएमक्यू थेट यंत्रावर बसवला तर सुरुवातीला ‘गेस्ट’ हे खाते त्याच यंत्रावरून चालते, बाहेरून चालत नाही. ही अडचण समजून ती मोडून काढण्याची घाई होते, पण ते जाणूनबुजून लावलेले कुलूप आहे. डॉकरच्या अधिकृत प्रतिमेत हे कुलूप काढलेले असते, तिथे ‘गेस्ट’ बाहेरूनही चालते. बिलाच्या प्रोग्रॅमसाठी एक आणि पोर्टलशी बोलणाऱ्या कन्झ्युमरसाठी दुसरे, अशी वेगळी खाती काढावीत, ‘गेस्ट’ पुसून टाकावे आणि दोन्ही पोर्ट कारखान्याच्या नेटवर्कबाहेर उघडे ठेवू नयेत.

प्रोड्यूसर निरोप थेट क्यूत टाकत नाही. तो एक्स्चेंजकडे देतो आणि एक्स्चेंज तो बाइंडिंगच्या नियमाप्रमाणे क्यूंत वाटतो. फॅनआउट एक्स्चेंज जोडलेल्या प्रत्येक क्यूत एकेक प्रत टाकतो. डायरेक्ट एक्स्चेंज निरोपावरची किल्ली तंतोतंत जुळली तरच देतो. टॉपिक एक्स्चेंजमध्ये किल्ली टिंबांनी तोडलेली असते, जसे ‘बिल.तयार.निर्यात’, आणि क्यू आपल्याला हवा तो नमुना सांगते. तारा एका शब्दाच्या जागी चालतो, हॅशचे चिन्ह कितीही शब्दांच्या. हेडर्स हा चौथा प्रकार क्वचित लागतो. कारखान्याच्या कामाला टॉपिक घ्यावा. निर्यातवाल्यांची क्यू नंतर जोडता येते आणि बिलाच्या प्रोग्रॅमला त्याची खबरही लागत नाही. मात्र किल्ली एकाही क्यूशी जुळली नाही, तर निरोप गुपचूप टाकून दिला जातो. तो परत यावा असे वाटत असेल, तर पाठवताना ‘मँडेटरी’ हा झेंडा लावावा लागतो.

अण्णा : गुपचूप टाकून देतो म्हणता आणि त्याच्यावर बिलं सोपवायची? टेबलात लिहिलेली ओळ अशी नाहीशी होत नाही.

ताई : म्हणून तीन ठिकाणी खात्री करून घ्यायची. ब्रोकरनं निरोप घेतला याची पावती बिलाच्या प्रोग्रॅमनं घ्यायची, तिला पब्लिशर कन्फर्म म्हणतात. मध्ये वीज गेली तरी टिकावं म्हणून क्यू ड्युरेबल आणि निरोप पर्सिस्टंट करायचा. एकच केलं तर उपयोग नाही, दोन्ही लागतात. अनेक यंत्रांवर प्रती ठेवू शकणारी ‘क्वोरम क्यू’ घेतली तर निरोप डिस्कवर जातोच. आणि तिसरी पोच कन्झ्युमरची, आयआरएन हाती आल्यावरच द्यायची. निरोप उचलल्या उचलल्या पोच दिली आणि मग प्रोग्रॅम पडला, तर बिल गेलं.

ही तिसरी पोच डोळ्यांनी पाहता येते आणि शिकणाऱ्याने ती पाहावीच. पायथनच्या पिका या लायब्ररीने एक निरोप पाठवावा. कन्झ्युमर असा लिहावा की निरोप घेतल्यावर तो अर्धा मिनिट थांबेल आणि मग पोच देईल. व्यवस्थापनाच्या पडद्यावर क्यूच्या ओळीत ‘रेडी’ आणि ‘अनॲक्ड’ असे दोन रकाने असतात. निरोप पोहोचतो तेव्हा ‘रेडी’ खाली एक दिसतो, कन्झ्युमर उचलतो तेव्हा तो एक ‘अनॲक्ड’ खाली सरकतो. आता कन्झ्युमर मध्येच बंद पाडावा. जोडणी तुटल्याचे कळताच ब्रोकर तो एक पुन्हा ‘रेडी’ खाली आणतो. कन्झ्युमर परत सुरू केला की तोच निरोप येतो आणि त्यावर ‘रीडिलिव्हर्ड’ अशी खूण असते. ब्रोकर काय वचन देतो आणि काय देत नाही, ते या प्रयोगात कळते. निरोप एकदा तरी पोहोचेल हे त्याचे वचन. एकदाच पोहोचेल हे वचन तो देत नाही.

अण्णा : म्हणजे एकाच बिलाची दोनदा नोंद?

ताई : पोर्टलकडे त्याचं उत्तर आहे. आयआरएन म्हणजे काय? विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिलाचा नंबर, एवढ्यावरून काढलेला हॅश. तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं तर हॅश तोच येतो आणि पोर्टल ‘डुप्लिकेट’ म्हणून परत करतं. आपल्या कन्झ्युमरनं ते उत्तर चूक न समजता ‘आधीच झालंय’ असं समजायचं, आयआरएन लिहून घ्यायचा आणि पोच द्यायची.

अण्णा : पण साठ्याचं तसं नाही. शंभर डझन टॉवेल दोनदा वजा झाले तर गोदामवाला माझ्याकडेच येणार.

ताई : तिथे आपणच तसा हॅश करायचा. बिलाचा नंबर साठ्याच्या नोंदीत युनिक ठेवायचा, वजाबाकी आणि ती नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. दुसऱ्यांदा आला की डेटाबेसच अडवेल.

अण्णांनी इथे मांडलेली अडचण ब्रोकर वापरणाऱ्या प्रत्येकाची आहे. घेणारा प्रोग्रॅम असा लिहावा लागतो की तेच काम पुन्हा आले तरी परिणाम एकदाच व्हावा. हे जमले नसेल, तर ब्रोकर बसवू नये. क्यू सुरळीत चालेल आणि हिशेब चुकत राहील.

पुढचा प्रश्न नापास झालेल्या निरोपांचा. पोर्टल बंद असणे आणि खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक चुकीचा असणे, या दोन गोष्टी एकसारख्या वागवल्या की क्यू गोल फिरू लागते. पहिल्या प्रकारात थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. त्यासाठी थांबण्याची वेगळी क्यू ठेवतात. तिच्यात निरोपाची मुदत संपली की तो आपोआप मूळ क्यूत परततो. दुसऱ्या प्रकारात हजारदा पाठवले तरी उत्तर बदलणार नाही. असा निरोप कन्झ्युमरने पुन्हा रांगेत न लावता नाकारायचा आणि ब्रोकर तो डेड लेटर एक्स्चेंजमार्गे बाजूच्या क्यूत टाकतो. कुणाच्याच लक्षात न आलेला सदोष निरोप अखंड फिरत राहू नये म्हणून रॅबिटएमक्यूच्या ४.० आवृत्तीपासून क्वोरम क्यूत परतफेरीची मर्यादा २० ठेवली आहे. मात्र डेड लेटरची सोय केलेली नसेल, तर मर्यादा ओलांडलेला निरोप फेकला जातो.

अण्णा : त्या बाजूच्या क्यूकडे बघणार कोण? अकाउंट्सवाल्यांना हा पडदा कळायचा नाही.

ताई : त्यांना पडदा दाखवायचाच नाही. त्या क्यूवर एक कन्झ्युमर बसवायचा, तो बिलाच्या प्रोग्रॅममध्ये ‘दुरुस्तीची बिलं’ अशी यादी भरेल. त्यांनी क्रमांक सुधारून सेव्ह केलं की नवा निरोप जाईल.

अण्णा : आणि रद्द केलेलं बिल? पोर्टलवर आयआरएन चोवीस तासांतच रद्द करता येतो. बिल आणि त्याचं रद्द होणं, दोन्ही क्यूत आहेत, कन्झ्युमर दोन आहेत. दुसऱ्यानं रद्दचा निरोप आधी उचलला तर काय करणार?

ताई : हा मुद्दा तुमचा बिनतोड आहे. कन्झ्युमर एकाहून जास्त झाले की क्रमाची खात्री जाते. रॅबिटमध्ये ‘सिंगल ॲक्टिव्ह कन्झ्युमर’ लावता येतो : दोन जोडलेले असले तरी काम एकच करतो, तो पडला तर दुसरा उठतो. आपल्या बिलांना तेवढा वेग पुरेल. तरी थांबून पुन्हा पाठवलेलं बिल रद्दच्या मागे पडू शकतं, म्हणून रद्द करणाऱ्यानं आधी आयआरएन आला आहे का ते डेटाबेसमध्ये बघायचंच. नसेल तर निरोप थांबण्याच्या क्यूत. आणि चोवीस तास संपत आले तर माणसाला कळवायचं, कारण त्यानंतर सहसा क्रेडिट नोट काढावी लागते.

अण्णा : मग माझं टेबल फेकून द्यायचं?

ताई : मुळीच नाही. बिल डेटाबेसमध्ये सेव्ह झालं आणि ब्रोकरला सांगायच्या आत वीज गेली, तर बिल आहे पण निरोप नाही. ब्रोकर आणि डेटाबेस एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येत नाहीत. म्हणून बिल आणि ‘पाठवायचा निरोप’ या दोन्ही ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायच्या आणि तुमच्या स्क्रिप्टनं त्या टेबलातून उचलून ब्रोकरला द्यायच्या, कन्फर्म आलं की टिक करायची.

या रचनेला आउटबॉक्स म्हणतात. ती आली की दोन्ही मतांतले अंतर बरेचसे मिटते : खात्रीचे काम टेबल करते, वाटपाचे काम ब्रोकर करतो. निरोपात बिलाची पूर्ण पीडीएफ भरू नये. बिलाचा नंबर, आवृत्ती आणि वेळ एवढे पुरते, बाकी कन्झ्युमरने डेटाबेसमधून वाचावे.

राहिले रोजचे सांभाळणे. कन्झ्युमरला एका वेळी किती निरोप द्यायचे, ती प्रीफेच मर्यादा स्वतः ठरवावी लागते. ती न ठरवता चालणाऱ्या कन्झ्युमरकडे साधी क्यू सगळा साठा ओतू शकते आणि शेजारचा कन्झ्युमर रिकामा बसतो. पोर्टलच्या कामाला पाच-दहा पुरे. उचललेल्या निरोपाची पोच तीस मिनिटांत आली नाही, तर रॅबिटएमक्यू त्या कन्झ्युमरचा चॅनेल बंद करतो. म्हणून लांबलेले काम कन्झ्युमरमध्ये झोपवून ठेवू नये, थांबण्याच्या क्यूत परत द्यावे. मेमरी ठरल्या हद्दीबाहेर गेली किंवा डिस्कवरची मोकळी जागा मर्यादेखाली आली, की ब्रोकर नवे निरोप घेणे थांबवतो. डिस्कची ही मर्यादा मुळात अवघी ५० एमबी असते. खऱ्या कामासाठी ती काही जीबीवर न्यावी, नाहीतर इशारा मिळेपर्यंत डिस्क भरलेली असते.

अण्णा : रात्रपाळीला गाठी भरून गाडी लागली आणि हे बंद पडलं, तर फोन कुणाला?

ताई : क्यूत पन्नासपेक्षा जास्त निरोप साचले, किंवा सगळ्यात जुना निरोप पंधरा मिनिटांपेक्षा जुना झाला, की आपल्या दोघांना मेसेज येईल. आणि बिलाच्या पडद्यावर ‘थेट पाठवा’ हे बटण ठेवू. गेटवर गाडी असेल तर क्यूची वाट बघायची नाही. दोन्हीकडून गेलं तरी पोर्टल डुप्लिकेट परत करेल.

अण्णा : ब्रोकर एकाच यंत्रावर?

ताई : सध्या एकच, यूपीएसवर. तीन यंत्रांचा क्लस्टर केला तर क्वोरम क्यू एक यंत्र पडल्यावरही चालते, दोन यंत्रांत तो फायदा मिळत नाही कारण बहुमत लागतं. पण आउटबॉक्सचं टेबल आहे. यंत्र जळालं तरी कालच्या ओळींवरची टिक काढून निरोप पुन्हा सोडता येतील. एक्स्चेंज, क्यू आणि खाती यांची व्याख्या फाइलमध्ये उतरवून ती बॅकअपमध्ये ठेवू, म्हणजे नवा ब्रोकर तसाच उभा राहील.

अण्णा : मग आधी फक्त आयआरएन. साठा आणि टॅली जुन्याच वाटेनं चालू द्या. मार्चअखेरच्या बिलांचा भार ब्रोकरनं पेलला की पुढची क्यू जोडू.